हीर दिसेल अशी खिडकी

जयपूरला काय पाहावं, काय खावं आणि कुठे फसू नये हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तिकडे जाताना विमानात नेमकं कुठे बसावं हे मात्र कोणी धड सांगत नाही. आमच्या घरात या प्रश्नावर जितका विचार झाला तितका लेकीच्या स्थळावरही झाला नव्हता. आता जाऊन आलो आहोत, तेव्हा जे कळलं ते लिहून ठेवते. निघालो आम्ही चौघे होतो, आणि त्यातल्या एकाला जयपूरशी काहीही देणंघेणं नव्हतं.

सांगवी

माझा नवरा अनिल चाकणच्या एका कारखान्यात आयुष्यभर मोटारींचे दरवाजे तपासत होता. त्यामुळे डावं आणि उजवं हे शब्द आमच्या घरात चालत नाहीत. एलएच आणि आरएच चालतात, आणि तेही ड्रायव्हरच्या सीटवरून ठरतात; समोर मोटार असो, कपाट असो की सोफा. लेकीच्या लग्नात त्याने गुरुजींना विचारलं होतं, "नवरी एलएचला बसवायची ना?" गुरुजीही कारखान्यांच्या चिंचवडचे. न दचकता म्हणाले, "हो, पण ड्रायव्हर नवरदेव धरा."

असा माणूस विमानाची सीट निवडायला बसला की जेवणं उशिरा होतात. मोबाईलवर सीटांचा नकाशा उघडून तो बराच वेळ त्याकडे संशयाने पाहत राहिला.

"हा टॉप व्ह्यू आहे की बॉटम व्ह्यू?"

"म्हणजे?"

"विमान वरून बघतोय की खालून? खालून असेल तर एलएचचं आरएच होईल."

"खालून विमान कोण बघतं?"

"आपण. रोज."

तेही खरंच. आमच्या गच्चीवरून विमानं खालूनच दिसतात.

शेवटी तो टॉप व्ह्यू आहे असं ठरलं आणि मग नियम आले. पंखावरची सीट घ्यायची नाही, खाली बघावं तर पंखच दिसतो. फार मागची नको. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून उडालेलं विमान थंडीत सकाळी बहुतेक पश्चिमेकडे सुटेल, मग जयपूरसाठी उत्तरेला म्हणजे उजवीकडे वळेल, वळताना उजवा पंख खाली जाईल; म्हणून आरएच, पंखाच्या पुढे, खिडकी. वाऱ्याने ऐन वेळी मत बदललं तर काय, यावरही त्याने विचार करून ठेवला होता. वारा सोडून सगळ्यांवर त्याचा विश्वास होता.

एवढी काळजी हिमालय किंवा समुद्र पाहण्यासाठी नव्हती. आम्हाला कुरुळी पाहायची होती. सांगवीहून कुरुळीला दुचाकीवरून जाता येतं.

कुरुळी

सोपानमामा हे अनिलचे सख्खे मामा. कुरुळी हे त्यांचं गाव, चाकणच्या कारखान्यांच्या मधोमध सापडलेलं. मामांची जमीन एका कंपनीत गेली. तिचे बरे पैसे आले आणि त्यातून आकाशी रंगाचा, दारात दोन सिंह बसलेला बंगला उभा राहिला. सिंहांबद्दल मी काही बोलत नाही. मामी त्यांच्यावर भिजलेली पायपुसणी वाळत घालते, तेवढं पुरे आहे.

जमिनीत एक विहीर होती. मामा-मामी तिला हीर म्हणतात. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात ती खणायला घेतली आणि मातीची पहिली पाटी मामीने डोक्यावरून बाहेर काढली. म्हणून जमीन विकताना तिने एकच अट घातली: हीर बुजवायची नाही. नाहीतर मी सही करणार नाही. कंपनीच्या त्या वेळच्या साहेबाने तोंडी शब्द दिला, मामांनी तो मामीला दिला, आणि मामीने सही केली. मग कंपनीने उंच भिंत बांधली आणि साहेब बदलून गेला.

भिंतीच्या आत हीर आहे की नाही हे मामांना कधी कळलं नाही. मामीला मात्र ते दर वर्षी सांगत, "हाय की. गेटातनं बघून आलो."

गेटातून त्यांनी काय पाहिलं होतं ते आम्हाला त्यांनी एकदा सांगितलं. गेटवरच्या सिक्युरिटी गार्डने विचारलं, "काका, कोणाला भेटायचंय?"

मामा म्हणाले, "हिरीला."

"एचआरला?" गार्ड मराठवाड्यातला, नवा, आणि कामाला चोख. "एचआर मॅडम सुट्टीवर आहेत. सोमवारी या."

मामा सोमवारीही गेले. सोमवारी मॅडम मीटिंगमध्ये होत्या.

अनिलने उपग्रहाचा नकाशा उघडून दिला. मामांनी आधी स्वतःचा बंगला शोधायला लावला. बंगल्याच्या जागी ज्वारी डोलत होती. "बघ," मामा म्हणाले, "ह्याला अजून माझा बंगलाच म्हाईत न्हाई. जुना फोटो. ह्यात हीर दिसणारच की!" आणि ती दिसतही होती, ज्वारीच्या कडेला, गोल आणि निरुपयोगी.

तेव्हा विमान हा उपाय मामांनीच काढला. भिंत किती का उंच असेना, विमान तिच्यावरून जातं. "जैपूर तुमी बघा," ते म्हणाले. "मला निस्तं चढतानाचं बघायचंय." अनिलला आणि मला त्यांनी शपथ घातली की यातलं मामीला कळू द्यायचं नाही. मामीला सांगितलं ते एवढंच, की लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदा विमानात बसू.

निघायच्या दिवशी कुरुळीच्या चौकात फ्लेक्स लागला होता. काळा चष्मा लावलेले मामा विमानापेक्षा मोठे होते, आणि त्यांच्याखाली "प्रथम विमानप्रवासास हार्दिक शुभेच्छा" असं लिहून गावातल्या तरुण मंडळींचे फोटो ओळीने छापले होते. मामीचा फोटो नव्हता. ती बहुधा चालत येणार होती.

लोहगाव

कुरुळीच्या दोन प्रवाशांना सोडायला गाड्यांचा ताफा विमानतळावर आला. मामांच्या गळ्यात झेंडूचा हार होता, तो तपासणीत ट्रेमध्ये ठेवून यंत्रातून काढावा लागला. पलीकडे तो निघाला तेव्हा मामांनी पुन्हा गळ्यात घातला. मागच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "कोण आहेत हे?" अनिल म्हणाला, "आरएच, खिडकी." त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

मामा खिडकीशी, मामी मधे, मी कडेला, अनिल वाटेच्या पलीकडे. पंख आमच्या मागे, काच स्वच्छ, ऊन पाठीमागून. अनिलचा अभ्यास दृष्ट लागण्यासारखा जमला होता. मामा काचेला नाक लावून बसले. विमान धावपट्टीकडे सरकू लागलं, आणि घोषणा झाली: हा हवाई दलाचा विमानतळ आहे, तरी विमान पुरेसं वर जाईपर्यंत सर्वांनी खिडक्यांच्या झडपा बंद ठेवाव्यात.

मामांना ती समजली नाही. हवाई सुंदरी स्वतः आली तेव्हा समजली.

"बंद? मग खिडकी दिली कशाला?"

"सर, डिफेन्सचा नियम आहे. वर गेलो की उघडा."

"वर गेल्यावर काय बघू? ताई, खाली माजीच जमीन हाय. म्हंजी व्हती."

"सर, प्लीज."

"बरं, अर्धी लावतो."

ती तशीच उभी राहिली. मामांनी झडप लावली. मी अनिलकडे पाहिलं. वारा, वळण, पंख, ऊन, सगळ्याचा हिशेब त्याने केला होता. खिडकी बंद असू शकते हे त्याच्या हिशेबात नव्हतं. दरवाजे तपासणाऱ्या माणसाच्या ते ध्यानात यायला हवं होतं, पण मी तसं बोलले नाही. पुढे जयपूरला बोलले.

विमान उडालं. ते पश्चिमेकडेच सुटलं आणि उजवीकडेच वळलं. अनिल वाटेच्या पलीकडून एस.टी.च्या कंडक्टरसारखा एकेक गाव सांगू लागला. "आता भोसरी असेल... मोशी... आता कुरुळी, मामा."

मामांनी बंद झडपेवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा. थोड्या वेळाने काढला.

"गेली?"

"गेली."

मामी हे सगळं पाहत होती आणि काही विचारत नव्हती. तिने एकदाच मान वळवून मागे बोट दाखवलं. "त्या बाबाची उघडी हाय की."

खरंच, दोन-चार रांगा मागे एकाच खिडकीतून ऊन आत आलं होतं. हवाई सुंदरीने समजावलं की ती संकटकाळी बाहेर पडायची जागा आहे, तिथली झडप उघडीच ठेवतात. मामा उठलेच. पण तिथे वयस्कर माणसाला बसू देत नाहीत. वेळ आली तर ते जड दार उचलून फेकता आलं पाहिजे. मामांनी तिला आपला दंड दाखवला. तिने फार नम्रपणे तो पाहिला, आणि पट्टा बांधायला सांगितला.

मग झडपा उघडल्या. खाली डोंगरांच्या तपकिरी घड्या होत्या, मधेच धरणाचं पाणी, आणि सगळं इतकं देखणं की मी बघतच राहिले. मामा म्हणाले, "दुसऱ्याचं गाव हाय," आणि डोळे मिटून घेतले.

जयपूर

जयपुरात मामांना आवडलेली पहिली गोष्ट दाल-बाटी. बाटी म्हणजे आपले पानगेच, फक्त तुपात पोहणारे. वाढणाऱ्याने ती हळुवार कुस्करून द्यायला हात पुढे केला, त्याआधी मामांनी कांदा फोडतात तशी तिच्यावर बुक्की मारली. बाटीचा एक तुकडा शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याच्या ताटात गेला. ते सुरतचे निघाले, हसले, आणि त्यांनी तो खाल्ला. आपल्याकडे असं झालं असतं तर आधी माफी, मग मानपान आणि शेवटी गावकी निघाली असती. तिथे आणखी तूप आलं.

हवामहालात आम्ही एक गाइड केला. त्याचा फेटा आमच्या बजेटपेक्षा मोठा होता. प्रत्येक वाक्याआधी तो क्षणभर थांबे, तुतारी वाजायची राहिली आहे असं वाटे. "या जाळीच्या खिडक्यांतून," तो म्हणाला, "राण्यांना रस्त्यावरचं सगळं दिसे. राण्या कोणालाही दिसत नसत."

मामांनी जाळीला डोळा लावला. रस्त्यावर रिक्षा, उंट आणि फुगेवाले, सगळं चोख दिसत होतं.

"म्हंजी झडप लावूनबी दिसायचं," मामा म्हणाले. "हे इमानवाल्यांनी बघून जावं."

गाइडला मी याचा अनुवाद सांगितला नाही. त्याने तो कोणत्यातरी राजाच्या नावावर पुढच्या गटाला ऐकवला असता.

आमेरच्या किल्ल्याजवळ एक जुनी बारव आहे. पायऱ्यांची नुसती नक्षी. खाली पाणी, आणि वर कठड्याशी फोटो काढून घेणारी माणसं. मामा आणि अनिल चहा शोधायला गेले. मामी कठड्याला टेकून खाली पाहत उभी राहिली. मला वाटलं, पायऱ्यांचं कौतुक करते आहे.

"पानी हिरवं पडलंय," ती म्हणाली. "उपसा न्हाई. उपसा न्हाई झाला की हीर आंधळी व्हती."

मी हं म्हटलं.

"आपली हाय का गं, सूनबाई?"

मी गडबडले. "मामा म्हणतात ना, आहे."

"ते म्हणत्यात." मामी हसली. "दर साली म्हणत्यात. खरं असतं तर येकदा सांगून गप बसलं असतं. मी सवाल केला न्हाई, तरी त्यांचं उत्तर संपना." मग म्हणाली, "झडपंवर हात ठिवला तवाच मला कळलं, इमान कशाला केलं ते. आता न्हाई म्हनून कळलं तरी चालंल मला. पर त्यांना झेपायचं न्हाई. शबुद त्यांनी दिलाय ना. म्हनून मी इचारत न्हाई."

चहा घेऊन मंडळी आली. मामीने कप घेतला आणि मामांना म्हणाली, "साखर लई हाय. तुमी घिऊ नका." बारवेचा विषय तिथेच संपला.

त्या संध्याकाळी सीटांची दुसरी बैठक भरली. या वेळी अभ्यास सोपा होता. पुण्यात उतरतानाही झडपा बंद असणार, उघडी असणार फक्त संकटकाळच्या दाराशेजारची खिडकी. मामा-मामींना तिथे मज्जाव. उरलो अनिल आणि मी. गंमत अशी की ती खिडकी पंखावर असते. म्हणजे पुण्यावर उघडी असणारी एकुलती एक खिडकी अनिलच्या पहिल्याच नियमाने बाद होत होती. हे सांगताना तो इतका कष्टी झाला की मला त्याची दया आली.

"मी बसतो," तो म्हणाला. "उतरताना विमान डावीकडे वळेल. एलएच."

"अन्या, तू नगं," मामा म्हणाले. "तू बघायच्या आदी मोजशील. सूनबाई बघंल."

मग त्यांनी मला खुणा सांगितल्या: तीन लांब शेडं, मागं पाण्याची उंच टाकी, मधे लिंबाचं झाड, आणि झाडाच्या उगवतीला हीर. सांगताना त्यांनी आवाज अगदी खाली आणला होता; मामी पलंगावर पाठ करून निजली होती ती मुद्दामच, हे त्यांना कळलं नाही.

परत

हवाई सुंदरीने विचारलं, वेळ आली तर मी दार उघडेन का. मी हो म्हटलं. ग्रंथालयात नोकरी केली ती सगळी वाचकांना बाहेर काढून दार बंद करण्याची होती, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. शेजारी अनिल होता. मामा-मामी आमच्या मागे काही रांगा सोडून.

वाटेतलं काही आठवत नाही. विमान खाली येऊ लागलं, घोषणा झाली, झडपा खटाखट पडल्या आणि सगळं विमान सिनेमागृहासारखं अंधारलं. आमच्या बाजूला एकट्या माझ्या खिडकीतून उजेड येत होता. जो तो माझ्याकडे बघत होता, आणि मी पंखाकडे. पंख अगदी अनिलने सांगितला होता तसाच होता: मोठा, राखाडी आणि मधे.

तळेगावच्या अंगाने आत येताना विमान डावीकडे कललं. उतरण्यासाठी पंखाच्या मागच्या फळ्या घरघरत खाली सरकल्या, आणि फळी नि पंख यांच्यामधे तळहाताएवढी जागा मोकळी झाली. त्या जागेतून चाकण जाऊ लागलं. निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची वाळवणं, नव्या कोऱ्या मोटारींच्या रांगा, मधेच एखादं शेत, दाटीत उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यासारखं. मी खुणा शोधत होते. शेडं तीन तीनच्या गटानेच होती, आणि प्रत्येकाच्या मागे टाकी. मग एक गट आला ज्याच्या मधे काहीतरी हिरवं होतं. झाड असेल. त्याच्या कडेला गोल, काळं काहीतरी होतं. विमान आणखी कललं, त्या गोलात ऊन शिरलं, ते एकदाच लखकन चमकलं, आणि फळी आडवी आली.

"सूनबाई!" मागून हाक आली. मामांची नव्हे, मामीची. शेतातून बांधावर मारावी तशी. "हाय का?"

विमान उतरताना गप्प बसायचं असतं हे मामीला कोणी सांगितलं नव्हतं.

"गोल आहे!" मी ओरडले. "चमकलं!"

मग मामीचा आवाज, आता साधा, शेजारच्याशी बोलावं तसा: "म्हंजी पानी हाय."

अनिल माझ्याकडे झुकला. "गोल आणि चमकणारं म्हणजे सांडपाण्याचं टाकंसुद्धा..." मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. मामा बंद झडपेकडे तोंड करून डोळे पुसत होते आणि मामी त्यांना आपला पदर देत होती. अनिल सरळ बसला. नोकरीत एकही दरवाजा तपासल्याशिवाय पुढे न सोडणाऱ्या माणसाने तेवढं एक वाक्य आत ठेवलं.

मला विचाराल तर, मी जे पाहिलं ते सांगितलं. ते काय होतं, हे मला विचारलं गेलं नाही.

विमानतळावर ताफा आला होता. मामांनी तो पुढे पिटाळला आणि आम्ही चौघे एका गाडीतून मोशीमार्गे निघालो. चौकात त्यांचा फ्लेक्स अजून होता, फक्त वाऱ्याने विमान फाटलं होतं. बंगल्याकडे न वळता मामांनी गाडी सरळ कंपनीच्या गेटवर नेली आणि जयपूरहून आणलेल्या घेवर-मिठाईचा डबा घेऊन खाली उतरले. गार्ड तोच होता.

"काका, आज कोणाला भेटायचंय?"

"भेटायचं न्हाई. डबा द्यायचाय."

"कोणाला?"

"हिरीला."

"एचआर मॅडमला ना? देतो की." गार्डने पेन काढलं. "कोणी दिला म्हणून सांगू?"

मामा अडखळले आणि गाडीकडे वळले. मामीने तिच्या बाजूची काच खाली केली. पूर्ण खाली.

"सांग," ती म्हणाली, "जिनं पैली पाटी उचलली, तिनं दिलाय."

गार्डने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.